आमदार काय करतो आणि आपल्याला काय कळतं

तालुक्यातल्या एका रस्त्याची बातमी साधारण चार वेळा छापून येते. पहिली येते ती अर्थसंकल्पात त्या रस्त्याचं नाव आलं की. 'अमुक फाटा ते तमुक गाव रस्त्यासाठी पाच कोटी मंजूर' असा मथळा असतो आणि चौकात आमदारांचे आभार मानणारा फलक लागतो. दुसरी बातमी प्रशासकीय मान्यतेची, तिसरी भूमिपूजनाची, चौथी लोकार्पणाची. पण अर्थसंकल्पात नाव आलं म्हणून पैसे आले असं होत नाही. कित्येकदा कामासमोर फक्त टोकन तरतूद असते, काम यादीत टिकावं एवढ्यापुरती नाममात्र रक्कम. पुढे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश अशा पायऱ्या असतात, आणि काम सुरू झाल्यावरही ठेकेदाराचं बिल वेळेत निघेल याची खात्री नसते. थकीत बिलांसाठी ठेकेदारांनी केलेली आंदोलनं अलीकडे राज्यभर गाजली आहेत. रस्ता यातल्या नेमक्या कुठल्या पायरीवर अडला आहे, हे त्या चार बातम्या वाचूनही गावाला कळत नाही.

आमदाराच्या कामाचा आढावा घ्यायचा तर सुरुवात इथूनच करायला हवी, कारण बहुतेकांच्या मनात आमदाराचं काम हेच असतं: रस्ता, समाजमंदिर, हायमास्ट दिवा, दवाखान्यातलं बिल कमी करून देणं. राज्यघटनेने मात्र त्याच्यावर सोपवलेली कामं वेगळी आहेत. कायदा करणं, सरकारच्या खर्चाला मंजुरी देणं किंवा नाकारणं, आणि मंत्र्यांना जाब विचारणं. ही तिन्ही कामं सभागृहात आणि समित्यांमध्ये होतात. त्यांची नोंद मराठीत होते, छापली जाते, विधिमंडळाच्या संकेतस्थळावरही येते. आणि नेमकी तीच मतदारसंघात पोचत नाहीत. माझ्या मते महाराष्ट्रातल्या लोकप्रतिनिधित्वाचं आजचं सगळ्यात मोठं दुखणं हे आहे. भ्रष्टाचार, पक्षांतर, गुंडगिरी यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. पण आपला आमदार सभागृहात काय बोलला हेच ज्याला ठाऊक नाही, तो मतदार त्याला कुठल्या मापाने मोजणार?

सभागृहातलं एखादं काम गावापर्यंत पोचलं की काय घडतं, याची उदाहरणं आपल्याच इतिहासात आहेत. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलमध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशांतून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. सरकारने त्याप्रमाणे आदेश काढले. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात तळ्यावर कुणी जाऊ शकत नव्हतं. तेव्हा १९२६ मध्ये बोल्यांनी पुन्हा ठराव आणला: अंमलबजावणी न करणाऱ्या स्थानिक संस्थांचं अनुदान रोखा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली, तेव्हा त्यांच्या हाती कौन्सिलचा ठराव होता. आपण बेकायदा काही करत नाही, उलट झालेल्या निर्णयाची अंमलबजावणी करत आहोत, हे त्यांना माहीत होतं. मुंबईतल्या सभागृहातला कागद कोकणातल्या माणसापर्यंत पोचला होता, आणि तो पोचवण्यासाठी सभा, परिषदा, पत्रकं असे कष्ट कुणीतरी घेतले होते.

तोवर बाबासाहेब स्वतःही कौन्सिलचे सदस्य झाले होते. महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक त्यांनी १९२८ मध्ये मांडलं. १९३७ च्या निवडणुकीनंतर, सप्टेंबरात, मुंबई विधानसभेत खोती ही कोकणातली जमीनदारी रद्द करण्याचं विधेयक आणलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी बोटींनी मुंबईत येऊन त्याच विधेयकाच्या पाठिंब्यासाठी कौन्सिल हॉलवर मोर्चाने गेले. आपल्यासाठी कुठलं विधेयक मांडलं गेलं आहे, हे त्या कुळांना कळलं होतं म्हणून तो मोर्चा निघाला. खोती प्रत्यक्षात रद्द व्हायला १९४९ चा कायदा यावा लागला. तरी मागणी सभागृहाच्या कागदावर आधीच नोंदली गेली होती.

तिसरं उदाहरण आपल्या पगारपत्रकात सापडतं. महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. हा कर १९७५ मध्ये लागला तो रोजगार हमी योजनेसाठी. योजनेचे जनक वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. १९६० पासून १९७८ पर्यंत ते त्या पदावर राहिले. आपल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात १९६५ मध्ये त्यांनी या कल्पनेचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. केंद्राचा रोजगार हमीचा कायदा २००५ मध्ये झाला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या मुळाशी होता. एका लोकप्रतिनिधीने आपल्या तालुक्यातली अडचण पाहिली, तिच्यावर स्थानिक उपाय करून पाहिला आणि मग तो कायद्यात बसवला. आमदाराचं काम याहून मोठं होऊ शकत नाही. आज एखाद्या आमदाराने असं काही केलं, तर त्याच्या मतदारसंघातल्या किती जणांना ते कळेल याची मला शंका वाटते.

आता आजचा आमदार. विधानसभेत २८८ सदस्य आहेत आणि हा आकडा १९७८ पासून तेवढाच आहे. २०२४ च्या निवडणुकीत राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते. सरासरी काढली तर एका आमदारामागे ३ लाख ३६ हजारांहून अधिक. शेजारच्या गोव्यात विधानसभेचे ४० मतदारसंघ आणि मतदार अकरा लाखांच्या आसपास, म्हणजे आमदारामागे तीस हजारांच्या आत. गोव्यातल्या आमदाराला वाड्यावाड्यातली घरं माहीत असतात. सव्वातीन लाखांवरच्या मतदारसंघात ते शक्यच नाही, पण लोकांची अपेक्षा तीच राहते.

आमदाराच्या संपर्क कार्यालयात सकाळी जाऊन बसलं की ही अपेक्षा दिसते. गव्हाला पाणी द्यायच्या पाळीलाच डीपी जळालाय आणि महावितरणचा माणूस फोन उचलत नाही. निराधार योजनेचं प्रकरण तहसीलमध्ये पडून आहे. पीकविम्याच्या यादीत नाव नाही. मुलाचा अपघात झालाय, खाजगी दवाखाना पैसे भरल्याशिवाय हात लावत नाही, तेव्हा जनआरोग्य योजनेत किंवा मुख्यमंत्री सहायता निधीतून काही होतं का बघा. शिक्षकाला बदली हवी आहे, कुणाला वसतिगृहात प्रवेश. आमदाराचे पीए एका हाताने फोन लावतात, दुसऱ्या हाताने पत्रावर शिक्का मारतात. यातलं एकही काम कायद्याने आमदाराचं नाही. ते तलाठी, ग्रामसेवक, तहसीलदार, उपअभियंता यांचं आहे, आणि त्यांच्याकडून ते वेळेवर होत नाही म्हणून माणूस इथे येतो. अडल्यानडल्याला मदत करणाऱ्या आमदाराला मी कमी लेखणार नाही. आईला आयसीयूत खाट मिळाली तर त्या घराला लोकशाहीचा अर्थ तेवढ्यात कळतो. पण आमदाराच्या फोनमुळे खाट मिळते याचाच अर्थ फोन नसलेल्याला ती मिळत नाही. ही गोष्ट ज्या सभागृहात विचारायची, तिथे ती किती वेळा विचारली जाते?

गेल्या काही वर्षांत या गर्दीत आणखी भर पडली, कारण खालची खुर्चीच रिकामी झाली. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना २९ आणि नगरपालिकांना १८ विषय नेमून दिले. गटार, दिवाबत्ती, पाणी, कचरा ही नगरसेवकाची आणि सरपंचाची कामं. पण मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकाने कारभार पाहिला. बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदांची तीच गत झाली. निवडणुका घेण्यासाठी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. नगरसेवक नाही, जिल्हा परिषद सदस्य नाही, म्हटल्यावर तुंबलेलं गटारही आमदाराच्या दारात आलं. आमदारांनाही ते फारसं जड गेलं नसावं, कारण गटाराचं श्रेय वाटून घ्यायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

पैशाकडे वळू. आमदार स्थानिक विकास निधी दर आमदाराला वर्षाला ५ कोटी रुपये मिळतो. २०२० पर्यंत तो २ कोटी होता, पुढच्या तीन अर्थसंकल्पी अधिवेशनांत एकेक कोटीने वाढला. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ धरले तर वर्षाला १,८३० कोटी रुपये होतात. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटींचा होता. म्हणजे शंभर रुपयांतले २६ पैसे आमदार निधीचे. बाकीच्या ९९ रुपये ७४ पैशांपैकी बहुतेक रक्कम कुठे आणि कशी खर्च व्हावी याला मंजुरी देण्याचा अधिकारही यांतल्या विधानसभेच्या आमदारांचा आहे. मतदारसंघातली जवळपास सगळी चर्चा मात्र त्या २६ पैशांभोवती फिरते. त्यातही आमदार फक्त काम सुचवतो. मंजुरी जिल्हाधिकारी देतात, जिल्हा नियोजन कार्यालय निधी सोडतं, बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद काम करून घेते. 'माझ्या निधीतून' असं फलकावर लिहिलेलं असतं, तो निधी करदात्याचा असतो.

याशिवाय ग्रामविकास खात्याचा '२५१५' हा शब्द गावोगावच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावांतर्गत कामांसाठीचं ते लेखाशीर्ष. जिल्हा नियोजन समितीचा पैसा वेगळा, त्याच्या चाव्या पालकमंत्र्यांकडे. या दोन्ही ठिकाणी आमदार सत्ताधारी आहे की विरोधी, यावर बरंच काही ठरतं. जून २०२२ च्या सत्तांतरानंतर आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या अनेक कामांना स्थगिती मिळाली आणि प्रकरणं उच्च न्यायालयात गेली. स्थगिती मिळालेल्या कामांत गावाचा रस्ता होता, शाळेची खोली होती. ज्या गावाने विरोधी आमदाराला मत दिलं, त्याने रस्ता गमवावा का? हा प्रश्न निधीवाटपाच्या मुळाशी आहे, आणि निधीसाठी पक्ष बदलला असं आमदार उघडपणे सांगतात तेव्हा तो आणखी टोचतो. 'मतदारसंघाच्या विकासासाठी' हे पक्षांतराचं सगळ्यात वापरलं गेलेलं कारण आहे. ते खरं असेल तर आमदारापेक्षा वाटपाची पद्धत जास्त दोषी आहे, आणि ती पद्धत बदलण्याचा अधिकार सभागृहाकडेच आहे.

सभागृहातल्या कामात माझ्या मते सगळ्यात मोलाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन म्हणजे प्रश्न. तारांकित प्रश्नाचा साचा पाहा. आमदार लिहितो: अमुक तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याचं पद रिक्त आहे, हे खरे आहे काय, असल्यास, त्याची कारणे काय आहेत, त्यानुसार शासनाने कोणती कार्यवाही केली आहे वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? हा कागद विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयातल्या खात्याकडे जातो, खात्यातून संचालनालयाकडे, तिथून जिल्ह्याकडे, जिल्ह्यातून तालुक्याकडे. तालुक्यातला कारकून फाइल उघडतो, माहिती वर पाठवतो, आणि शेवटी मंत्र्याच्या सहीने उत्तर येतं: 'होय', 'अंशतः खरे आहे', किंवा 'हे खरे नाही' आणि त्याखाली 'प्रश्न उद्भवत नाही'. प्रश्नोत्तराच्या तासात प्रत्यक्ष चर्चेला येतात ते मोजकेच प्रश्न. बाकीच्यांची उत्तरं छापील स्वरूपात सभागृहात ठेवली जातात. पण प्रश्न चर्चेला आला नाही तरी त्याचं काम झालेलं असतं. सरकारने लेखी कबूल केलेलं असतं की पद रिक्त आहे, किती दिवसांपासून आहे, आणि कधीपर्यंत भरू. अनेकदा प्रश्न गेल्यानंतर आणि उत्तर यायच्या आत पद भरलंही जातं. अधिकाऱ्यांची धावपळ काय असते ते अधिवेशनाच्या आधी कुठल्याही जिल्हा कचेरीत जाऊन पाहावं.

'हे खरे नाही' या उत्तराचं महत्त्व तर फारच मोठं आहे, फक्त ते गावात पोचलं पाहिजे. आरोग्य केंद्राला कुलूप असताना सरकारने लेखी कळवलं की तिथे डॉक्टर हजर आहेत, तर ते खोडून काढायला कुलपाचा फोटो पुरेसा आहे. तो फोटो गावकरीच काढू शकतात. पण उत्तर आलं हेच त्यांना माहीत नसतं. आमदाराला सभागृहात चुकीची माहिती मिळाल्याचं दाखवून देण्याची ताकद ज्या लोकांकडे आहे, त्यांच्यापर्यंत ती माहितीच जात नाही. इथे सगळ्यांचं नुकसान होतं, आमदाराचंसुद्धा.

प्रश्नाबरोबर नियम १०५ ची लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्ध्या तासाची चर्चा अशी इतर आयुधं आहेत. मंत्री उत्तर देताना 'महिनाभरात बैठक घेऊ', 'चौकशी करून कारवाई करू' असं बोलतात. ही वाक्यं हवेत विरत नाहीत. आश्वासन म्हणून ती नोंदली जातात आणि आश्वासन समिती त्यांचा पाठपुरावा करते. लोकलेखा समिती महालेखापरीक्षकांच्या अहवालावर खात्यांच्या सचिवांना बोलावून विचारते. पंचायत राज समिती जिल्ह्यात येणार म्हटलं की जिल्हा परिषदेत रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. समित्यांत पक्षाची धार बोथट होते आणि कामाची चर्चा होते, असं अनेक जुने सदस्य सांगत. त्या चर्चेची बातमी मात्र होत नाही.

या सगळ्या कामाला वेळ लागतो, आणि वेळच आक्रसत चालला आहे. करोनाच्या काळात सप्टेंबर २०२० चं पावसाळी अधिवेशन दोन दिवसांचं झालं, डिसेंबरचं हिवाळी दोन दिवसांचं, जुलै २०२१ चं पुन्हा दोनच दिवसांचं. त्यात प्रश्नोत्तरांना कुठली जागा? साथ ओसरल्यावर अधिवेशनं लांबली, पण हिवाळी अधिवेशन नागपूरला जेमतेम एक-दोन आठवडे चालतं ही विदर्भाची तक्रार कायम आहे. सरकारने ठरावीक काळ नागपूरला यावं आणि तिथे दरवर्षी एक अधिवेशन घ्यावं, हा १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेला शब्द इतक्या थोड्या दिवसांत पुरा होत नाही. पैशाच्या मंजुरीचंही तसंच. २८ जून २०२४ रोजी राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि दोन आठवडे व्हायच्या आत ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहापुढे आल्या. एवढ्या रकमेची छाननी काही तासांच्या चर्चेत होत नसते. आपल्या आमदाराने त्या मागण्यांवर तोंड उघडलं का, कपात सूचना दिली का, हे त्याच्या मतदाराने विचारलं तर त्यात काही वावगं नाही. ५ कोटींच्या निधीचा हिशेब मागणाऱ्याने ९४ हजार कोटींचाही मागावा.

कायद्याच्या बाबतीत आमदाराचे हात पक्षादेशाने बांधलेले असतात. १९८५ ची दहावी अनुसूची पक्षांतराला आळा घालण्यासाठी आली. घाऊक पक्षांतरं तिने थांबवली नाहीत, हे महाराष्ट्राने २०२२ आणि २०२३ मध्ये पाहिलं. एकट्या आमदाराने विवेकाने मत देणं मात्र तिने जवळजवळ अशक्य केलं. तरी जागा अगदीच उरलेली नाही. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा नागरिकांकडून बारा हजारांवर सूचना आणि हरकती आल्या. जुलै २०२५ मध्ये ते संमत होण्यापूर्वी त्याच्या शब्दरचनेत बदल झाले. ते बदल पुरेसे होते का, यावर तीव्र मतभेद आहेत आणि माझ्या मनातही समाधान नाही. पण विधेयकाचा मसुदा लोकांपर्यंत गेला की मजकूर हलतो, एवढं त्यातून दिसलं. याउलट महिलांवरील अत्याचारांविरोधातलं 'शक्ती' विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झालं, त्याचा गाजावाजा झाला, पण राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने कायदा झालाच नाही. संमत झाल्याची बातमी घरोघर गेली. अडल्याची गेली नाही. आजही शक्ती कायदा लागू आहे असं समजणारे लोक भेटतात.

प्रतिनिधित्व हा मतदारसंघाचा हक्क आहे, आमदाराचा मानपान नव्हे, हे न्यायालयाने महाराष्ट्राच्याच प्रकरणात सांगितलं. ५ जुलै २०२१ रोजी विधानसभेने भाजपच्या १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा ठराव घटनाबाह्य ठरवला. अधिवेशनापलीकडे निलंबन करता येत नाही, कारण तेवढा काळ मतदारसंघ आवाजाविना राहतो, हे त्यामागचं एक मुख्य कारण. आमदाराची जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते, मग निलंबनाने वर्षभर जागा मुकी कशी ठेवता येईल? मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो बारापैकी कुणाच्याही मतदारसंघात याच शब्दांत समजावून सांगितला गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तिथे जल्लोष झाला तो आपल्या नेत्याच्या विजयाचा.

बातमीच्या बाजूने पाहिलं तर बदल मोठा आहे. आचार्य अत्रे १९५७ मध्ये दादरमधून निवडून आले तेव्हा ते 'मराठा' दैनिकाचे संपादकही होते. आमदारकी आणि वृत्तपत्र एकाच माणसाच्या हाती असण्याचे तोटे उघड आहेत, पण सभागृहात काय चाललंय ते वाचकाला वाचायला मिळे. वर्तमानपत्रांत विधिमंडळ वार्ताहराचं स्थान मोठं होतं आणि अधिवेशनकाळात प्रश्नोत्तरांना सलग जागा मिळे. आता विधान भवनाच्या पायऱ्यांवरची घोषणाबाजी दिवसभर दाखवली जाते आणि आतली लक्षवेधी एका ओळीत जाते. २००९ च्या निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न महाराष्ट्रातूनच देशभर गाजला. त्यानंतर जाहिरात आणि बातमी यांतली रेघ पुन्हा ठळक झाली असं म्हणवत नाही. उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ च्या निकालात बेकायदा फलकांवर कडक आदेश दिले. ते फलक आजही चौकाचौकात आहेत. आमदारांकडे आता स्वतःचे छायाचित्रकार, चित्रफिती करणारी मुलं आणि व्हॉट्सॲपचे गट आहेत. त्यांतून दिवसाला दहा फोटो येतात: वाढदिवस, सांत्वन, भूमिपूजन. सभागृहातल्या भाषणाची चित्रफीतही येते, पण त्यातलं तडाखेबंद अर्धं मिनिट, मंत्र्याचं उत्तर कापून.

हे चित्र एकसुरी नाही. मुंबईत प्रजा फाउंडेशन गेली अनेक वर्षं शहरातल्या ३६ मतदारसंघांच्या आमदारांचं प्रगतिपुस्तक काढतं: हजेरी, प्रश्नांची संख्या, प्रश्नांचा दर्जा. 'संपर्क' ही संस्था विधानसभेतल्या प्रश्नांचा विषयवार अभ्यास करते, त्यात मुलांचं आरोग्य, कुपोषण, शिक्षण यांवर किती विचारलं जातं ते समोर येतं. सभागृहाचं कामकाज थेट पाहता येतं. अडचण अशी, की हा अभ्यास मुंबईच्या बाहेर तालुक्याच्या पातळीवर होत नाही आणि तिथे कुणाकडे तेवढा वेळही नाही.

आणि तरीही सभागृहातल्या चिकाटीवर निवडून येणारे आमदार या राज्याने पाहिले आहेत. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ पासून अकरा वेळा निवडून आले, तेही शेतकरी कामगार पक्षासारख्या लहानशा पक्षातून. एसटीने प्रवास करणारे आमदार म्हणून ते लोकांना ठाऊक होते. पण त्यांची खरी ओळख दुष्काळी सांगोल्याचं पाणी. टेंभू, म्हैसाळ या योजनांचा पाठपुरावा त्यांनी वर्षानुवर्षं केला. गोरेगावच्या मृणाल गोरेंना लोकांनी 'पाणीवाली बाई' म्हटलं ते रस्त्यावरच्या लढ्यामुळे, आणि १९७२ मध्ये निवडून आल्यावर तो लढा त्यांनी सभागृहात नेला. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी केला. बाहेर स्त्री संघटना लढत होत्या आणि आत मृणालताईंसारख्या सदस्यांनी विषय लावून धरला होता. या दोघांच्या मतदारांना आपला आमदार मुंबईत काय करतो ते माहीत होतं, कारण ते परत येऊन सांगत.

परत येऊन सांगण्यासाठी आपल्याकडे एक जागा आधीपासून आहे आणि ती जवळजवळ विसरली गेली आहे: पंचायत समितीची वार्षिक आमसभा. तालुक्याचा आमदार तिचा अध्यक्ष असतो. व्यासपीठावर तहसीलदार, गटविकास अधिकारी, समोर सरपंच, ग्रामसेवक आणि कुणीही नागरिक. महावितरण, पाणीपुरवठा, कृषी, आरोग्य, बांधकाम, एसटी आगार, सगळ्या खात्यांचे तालुक्यातले प्रमुख हजर असावेत ही अपेक्षा. पहिला विषय मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्याचा. या एका विषयामुळे आमसभेला जनता दरबाराहून वेगळं वजन येतं. मागच्या वर्षी उपअभियंता म्हणाले होते की पुलाचं काम मार्चपर्यंत होईल, हे सगळ्यांसमोर वाचलं जातं आणि तोच उपअभियंता, किंवा त्याच्या जागी आलेला, उभा राहून उत्तर देतो. चांगली चाललेली आमसभा सकाळी सुरू होऊन संध्याकाळपर्यंत लांबते. लोक माईक सोडत नाहीत, आवाज चढतात, एखादा अधिकारी घामाघूम होतो. म्हणूनच कित्येक तालुक्यांत ती वर्षानुवर्षं होत नाही, किंवा तासाभरात उरकली जाते. आमदारांना तिची भीती वाटते हे समजण्यासारखं आहे, कारण तिथे विरोधकही बोलतात आणि फोटो आपल्या सोयीचा येत नाही. पण एका खोलीत एकेकट्याने हात जोडून काम मागणारा माणूस तिथे सगळ्यांसमोर हक्काने विचारतो. आमदारही तिथे शिफारसपत्र देणारा राहत नाही, लोकांच्या बाजूने विचारणारा अध्यक्ष होतो.

सभागृह आणि आमसभा यांची सांगड घालणं कठीण नाही. त्यासाठी नवा कायदा नको, नवा निधी नको. प्रत्येक अधिवेशन संपलं की आमदाराने दोन पानांचा कागद काढावा: कोणते प्रश्न विचारले, त्यांना काय उत्तर आलं, मंत्र्यांनी कोणतं आश्वासन कोणत्या तारखेला दिलं, कोणत्या मागण्यांवर आणि विधेयकांवर आपण बोललो, आणि आमदार निधीतलं प्रत्येक काम आज मान्यता, निविदा, कार्यारंभ, पूर्णत्व यांपैकी कुठल्या पायरीवर आहे. फोटो नसला तरी चालेल. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, ग्रामसभेत वाचला जावा. स्थानिक वार्ताहरांनी तो मागावा आणि मिळाला नाही तर मिळाला नाही असं छापावं. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला होतं. आमसभा जानेवारीत ठेवली, तर आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर असल्याचं लेखी उत्तर तालुक्याच्या ठिकाणी मोठ्याने वाचता येईल, त्या गावचा सरपंच समोर बसलेला असेल, आणि ज्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावरून ती माहिती वर गेली, तोही त्याच मांडवात असेल.